धुरपतीचं काम

नाई जी, गुंजन घरी नाई. फाटकातच सांगतलं ना तुमाले — माहेरी गेली. आठ दिस झाले. केव्हा येईन, काई सांगता येत नाई. — पण तुमी बसा ना, उभे काहून? वडशावरून फटफटीवर आले, थेट आसगावपर्यंत, आन असे उंबरठ्यावरूनच जाता का? बसा. खाटेवर बसा, त्या कोपऱ्यात नका, तिकडली सुतळी तुटली आहे. मी तिची सासू, कौशल्याबाई. वळखलं ना? त्या दिवशी मंडईच्या जत्रेत, नाटक झाल्यावर, ते लिहिणाऱ्या देवाजी मास्तरानं भेट करून देल्ली होती — हे नाटक कंपनीचे मॅनेजर, म्हणे — मी नमस्कार बी केला होता, पण तुमचं सारं ध्यान गुंजनकडे. — सचिन? सचिन बी नाई. भंडाऱ्याले गेला, मोजणीच्या कागदासाठी, सकाळी सहालेच गेला, तीन वाजेपर्यंत येईन. त्याच्यासंग बोलाचं म्हणता? नका बोलू जी. माझ्यासंगच बोला. मले नाटकातलं समजते — हासता काय? लहानपणापासून दंडारी-नाटकं पाहत आली मी, आन सचिन पोटात होता तवा सातवा महिना होता, तरी बैलगाडीत तणस टाकून नाटक पाहाले गेली होती. लोकं म्हणे, बाई, पोरगं तिथंच होईन. झालं असतं तं झालं असतं.

तं तुमचं इचारणं काय — ‘म्हातारा काही उतरत नाही’ हे नाटक गावोगावी नेलं तं चालन का? चालन. मी सांगतो, चालन. तुमी मध्यंतरानंतर आले, पहिला भाग पाहिलाच नाई तुमी, म्हणून इचारून राहिले. धरणाचं पाणी गावात चढून राहिलं, सारे लोकं नव्या गावठाणात गेले, आन एक म्हातारा चिंचेच्या झाडावर मचाण बांधून बसला — उतरतच नाई. साहेब येते, तलाठी येते, पोलीस येते, तो उतरत नाई. आन त्याची बायको धुरपती रोज डोंग्यात बसून त्याच्यासाठी भात घेऊन येते, आन डोंग्यातूनच त्याले शिव्या देते. एवढंच नाटक. पण पहिल्या रांगेत कोण बसलं होतं माहीत आहे का? गोसीच्या धरणात ज्यायचे गाव गेले ते लोकं, तिकडल्या पुनर्वसनातले, ट्रॅक्टर करून आले होते. ते हासेच ना. मले भेव वाटलं — म्हटलं, मास्तरानं लोकायच्या जखमेवर बोट ठेवलं, आता मार खाते. मंग धुरपती डोंग्यातून वर पाहून म्हणते, ‘गाव बुडालं, शाळा बुडाली, मारुती बुडाला — तुमीच तेवढे बुडाचं नाव घेत नाई!’ — तवा जे हासले जी! एक म्हातारा तं दुपट्ट्यानं डोळे पुसून पुसून हासून राहिला होता, रडते का हासते समजे ना. दुसऱ्या दिवशी बोडीवर बाया कपडे धुवाले आल्या तं नाटकाचीच गोष्ट. मनकर्णाबाई म्हणे, साहेबाचं काम करणारा लय कल्ला करते. तिकडे मारोतराव चावडीवर म्हणे, चार गाणे टाका, एक नाच टाका, नाई तं गडचिरोलीकडे कोणी पाहात नाई. काई नाच-गिच लागत नाई. लाखांदूर, अर्जुनी, ब्रह्मपुरी — होळीपर्यंत तुमची एक तारीख खाली जाणार नाई. नागपुरात न्याल तं त्यायले डोंगा म्हंजे काय हे आधी सांगा लागन, तेवढंच. पण धुरपती पायजे. — हव. तेच म्हणतो ना मी बी. दुसऱ्या बाईनं केलं तं दोन गावं फिरून नाटक घरी येईन. पण करा दुसरी. करा जी. मी हात जोडतो, दुसरी पाहा.

तुमाले वाटते आमी तिले नाई म्हणून राहिलो. अजी, तिले ते काम मीच देवाले लावलं! वडशाची जी बाई ठरली होती तिले ताप आला, मंडईच्या दिवशी दुपारी निरोप आला, देवाजी मास्तर आमच्या वट्ट्यावर डोकं धरून बसला. तालमी इथंच बाजूले समाजमंदिरात होत, आन आमची गुंजन सुपात तांदूळ निवडता निवडता सारं नाटक पाठ करून बसली होती — धुरपतीचंच नाई, साऱ्यायचं. मी म्हटलं, मास्तर, कायले रडता, ही घ्या. सचिन म्हणे, घरची सून स्टेजवर? मी म्हटलं, गावातलंच आहे, मास्तर बापासारखा, मी समोर बसून राहतो. मीच म्हटलं. हे ध्यानात ठेवा — मीच पाठवली. आन मंग ती आली ना डोंग्यात बसून — पदर असा कमरेले खोचला, कपाळाले हात असा मारला — तो माझा हात होता जी! उतरून चालली तं मीच चालून राहिली, डावा पाय असा जरासा ओढत. मनकर्णाबाईनं मले कोपर मारला — ‘कौशल्ये, तू इथं आहे का तिथं?’ सारे माझ्याकडे पाहाले लागले. आधी लाज वाटली. मंग असं हासू आलं, असं हासू आलं — बावन वर्षं झाले मले, मी कशी दिसतो हे त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. सचिन बी हासत होता. कमिटीच्या लोकायच्यात खुर्चीवर बसला होता, टाळ्या वाजवत होता, हे बी खरंच सांगतो. बाजूच्याले सांगे, माझी मिसेस आहे.

मंग ते वाक्य आलं. म्हातारा मचाणीवरून ओरडते, ‘जास्त बोलली तं कोठीत कोंडीन, मागच्या वख्ताले कोंडलं होतं तसं!’ आन गुंजन — धुरपती — कमरेवर हात ठेवून म्हणते, ‘कोंडा ना! मागच्या वख्ताले तीन दिस तुमचे धान खाल्ले, कच्चे. या वख्ताले बियाण्याचे बी ठेवत नाई!’ बाया अशा हासल्या का मांडव हालला. आन माणसं — माणसं चूप. एकदम चूप. ते मास्तरानं लिहिलं नव्हतं जी. ते माझं आहे. सचिनचा बाप, सेवकराम — वारला, सहा वर्षं झाले — त्यानं मले कोंडलं होतं, मागच्या धान ठेवाच्या खोलीत, तीन दिस. काहून म्हणता? आता कारण बी आठवत नाई. भात करपला असन, नाई तं मी वापस बोलली असन. सचिन चार वर्षाचा होता, दाराबाहेर बसून रडे, मी आतून त्याले गोष्टी सांगो. साऱ्या गावाले माहीत आहे, पण कोणी काढत नाई. मी गुंजनले सांगतलं होतं, रोवण्याच्या वख्ताले, दोघी चिखलात वाकून होतो — हासत हासत सांगतलं होतं, का कच्चे धान खाऊन मले कसा जुलाब झाला. तिनं ते उचललं आन हजार माणसात बोलली. मले राग आला का? — नाई. मले वाटलं कोणीतरी पाठीवरून बोजा उतरवला. पण मी सचिनकडे पाहिलं. त्याचे हात टाळी वाजवता वाजवता तसेच राहिले होते, दूर दूर.

घरी येऊन काई बोलला नाई. दुसऱ्या दिवशी नाई, तिसऱ्या दिवशी नाई. बोलला असता, भांडला असता तं बरं झालं असतं. त्याचा बाप बी असाच, आधी चूप राहे. मी गुंजनले म्हटलं, पाय धर त्याचे. ती म्हणे, आत्याबाई, म्या काय खोटं बोललं का? आन तुमी तिकडून मास्तराच्या हातानं तो कंपनीच्या कराराचा कागद पाठवला, तिनं सही केली, मले सांगतलं बी नाई. पोत्यामांगं थैली लपवून ठेवली होती — दोन लुगडे, दोन सलवारी, फणी, आधार कार्ड. मी धान काढाले गेली तं हाताले लागली. आन मी — मी सचिनले सांगतलं. — असं पाहू नका. मले काय वाटलं, सांगू? नाक कटन वगैरे काई नाई वाटलं. मले वाटलं, ही गेली तं या घरात मी त्याच्यासंग एकटीच. बस. एवढंच वाटलं. तवापासून पोरगी धड जेवत बी नाई, ताट नेऊन देतो तं अर्धं वापस येते, परवा तं नुसतं —

काय? — हव. माहेरी. माहेरीच म्हटलं ना मी. — माहेरी ताट कोण नेऊन देईन... बसा. अजी बसा ना. उठू नका असे एकदम, समोरच्या घरचे पाहते. बसा, सांगतो. बसले तरच सांगतो.

मागच्या खोलीत आहे. त्याच. आठ दिस. कुलूप सचिननं लावलं, किल्ली माझ्यापाशी देल्ली — ही पाहा, कमरेले. म्हणे, माय, तू राख. तू मायच आहे ना माझी? म्या राखली. दोन वख्त जेवाले देतो, सकाळी अंधारात मागच्या दारानं बाहेर नेऊन आणतो, हात धरून. आन दुपारी तो वावरात गेला का मी त्या दाराले पाठ लावून बसतो. ती आतून इचारते, ‘आत्याबाई, तिकीट काढलं का?’ आन सुरू करते. सारं नाटक. म्हाताऱ्याचं, साहेबाचं, पोलिसाचं, आवाज बदलवून बदलवून. मी तोंडात पदर कोंबून हासतो. किल्ली माझ्याच कमरेले, आन मी हासतो. नाटक संपलं का ती म्हणे, ‘खोला आता.’ मी म्हणो, उद्या. ती म्हणे, बरं. रोज म्हणो मी, उद्या. — थुका तोंडावर, थुका. मी काई नाई म्हणत.

पण ऐका. काल काय झालं ते ऐका, म्हणूनच तं तुमाले बसवून ठेवलं, नाई तं फाटकातूनच घालवले असते. काल संध्याकाळी सचिननं किल्ली मांगतली. आतमध्ये गेला, दार लावून घेतलं. आधी तिचा आवाज आला. मंग त्याचा. मंग काईतरी पडल्यावानी वाजलं, आन मंग कोणाचाच नाई. मी चुलीपाशी होती. चुलीपासून ते दार किती — पंधरा पावलं. मी नाई उठली जी. तो बाहेर आला, कुलूप लावलं, किल्ली माझ्यापुढे टाकली. म्हणे, झोपली. उद्या हाक मारू नको. हात धुतले आन जेवला. वरण वाढ म्हणे, वाढलं. आज सकाळी चहा बी न घेता गेला. तो गेला, मी दारापाशी गेली, टिचकी मारली. ‘गुंजन.’ काई नाई. ‘गुंजन, मी आहे, चहा आणला.’ काई नाई. नऊ वाजता गेली, काई नाई. आतमध्ये पाय घासल्याचा आवाज नाई, बांगडी नाई, खोकला नाई. किल्ली अशी हातात घेतो आन हात वर जातच नाई. म्हणून म्हटलं, आता कोणी बी येवो, कोणी बी. आन फाटकात तुमी.

चाला. — तुमी मांगं राहा, मी पुढे होतो. इकडून, खुरपं आहे खाली, पाय पाहून. हे दार. — गुंजन? गुंजन बाई, मी आहे. वडशाचे मॅनेजर आले, तुझ्यासाठी आले. — पाहा, असंच. असंच आहे सकाळपासून. — घ्या, तुमीच लावा किल्ली, मले भोक दिसत नाई. डावीकडे फिरवा. जोरात. — थांबा! थांबा एक मिनिट. मले पाठ फिरवू द्या. — हं. खोला.

काय आहे? — बोला ना जी. सरका. मले पाहू द्या.

कोणी नाई. — धानाच्या कणगीमांगं पाहा. पाहिलं? नाई. — हे पोते कोणी रचले? हे भिंतीशी होते, साऱ्या खोलीभर... आन वर पाहा, वर — उजेड. छपराचे कवेलू काढले. आडव्या दोन फाट्या मोडल्या. एवढ्यातून? एवढ्यातून माणूस जाते का जी? — ती जाईन. ती जाईन, बारीक आहे. अगं माझ्या बाई! — हे काय आहे... हात नका लावू. रगत आहे. या पोत्यावर बी. बांगड्यायचा काच. — मारलं त्यानं. मारलं, आन तरी मणभराचे पोते ओढत ओढत एकावर एक... आन मी बाजूच्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडून होती, काई ऐकलं नाई. — नाई, ऐकलं. सकाळी त्याची फटफटी चालू झाली तवा वर खडबड झाली होती, मी म्हटलं माकडं आले. माकडं रोजच येते.

मागच्या दारानं चाला. या. — हे. दिसलं? सडा टाकला होता म्या, माती ओली होती. उघडेच पाय. अंगठा असा बाहेर निघालेला, तिचाच. इथं पडली असन, हात टेकला पाहा. मंग उठली. परसातून गेली, तुरीतून, धुऱ्यानं, बांधावरून — लाखांदूरच्या रस्त्याकडे. सचिन भंडाऱ्याकडे गेला आन ती उलटीकडे. सातची वडशाची गाडी भेटली असन तं — तुमच्याकडेच गेली, जी. तुमच्याकडेच. तिच्यापाशी दुसरा पत्ताच कोणता? माहेरी ती जात नाई, माहेरचे दुसऱ्या दिवशी वापस आणून सोडते, मागच्या साली सोडलं होतं. — पोलीस? सांगा ना, सांगा पोलिसाले. पण ती तुमच्या दारी पोचू द्या आधी, डॉक्टरले दाखवा, मंग तिच्या तोंडानं सांगू द्या. मी काय केलं ते बी सांगू द्या. किल्ली कोणापाशी होती ते बी. लपवाले लावू नका तिले, माझ्यासाठी म्हणून तं बिलकूल नाई. आन नाटक फिरवा. चंद्रपूरकडे न्या, गडचिरोलीकडे न्या, इकडे आणू नका, आन पत्रिकेवर तिचं नाव टाकू नका — या साली तरी.

मी? मी कुठं येतो जी. — नाई, ऐका. तीन वाजता तो येईन. दाराले कुलूप असन आन मी दारापाशी बसली असन तं तो दिवाबत्तीपर्यंत खोलणार नाई, मले माहीत आहे त्याचा स्वभाव. मी नसली तं आधी दार खोलन, आन पाच मिनिटात फटफटीवर तुमच्यामांगं. मंग? दिवाबत्तीपर्यंत ती वडशात कोणाच्या तरी घरात, चार माणसात, दार लावून बसली पायजे. — दिवाबत्ती झाल्यावर काय होईन ते मले नका इचारू. मले काई नवीन नाई. त्याच्या बापाच्या हातचं खाल्लं आहे मी. — नाई म्हटलं ना! हात सोडा. तुमी पाहुणे, हात नका धरू.

जा आता. कुलूप मी लावतो. बादलीत शेण कालवलेलंच आहे, हे सारं परस सारवून काढतो, इथून तुरीपर्यंत. मनकर्णाबाई म्हणन, भर दुपारी म्हातारीले काय सुचलं. म्हणू द्या. समोरून जा, सावकाश जा, कोणी इचारलं तं म्हणा सून माहेरी गेली आहे. — काय उभे अजून? सरका. सरका जी, तुमी तिच्या पावलावर उभे आहा.